आतली कडी

फाटकाच्या कामासाठी दादाने मुद्दाम कामाचा वार निवडला आणि इस्पितळातून रजा घेतली. सुट्टीच्या दिवशी बोळातून येणारे-जाणारे थांबले असते, "काय, पुन्हा काही गेलं का?" म्हणून विचारत बसले असते, आणि त्या विषयावर बोलायचा त्याला आता कंटाळा आला होता. चोरी झाली त्या संध्याकाळी त्याने ओरडून सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. चोर कोण, तेही सांगितलं होतं. आता फाटक असं करून टाकायचं होतं, की पुन्हा कुणाच्या बापाला उघडता येऊ नये.

हे वाक्य त्याने जावईबापूंनाही फोनवर तसंच्या तसं ऐकवलं. कुणाच्या बापाला. चोराचा आणि त्याचा बाप एकच होता, हे बोलण्याच्या भरात त्याच्या ध्यानात आलं नाही. जावईबापूंच्या आलं असावं. ते पलीकडे जरासे खोकले आणि म्हणाले, "येतो. ड्रिल घेऊन येऊ का?"

ते आले, आणि बेबीही त्यांच्याबरोबर आली. धाकट्या बहिणीने आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी विचारलं, "आई कशी आहे?" आणि उत्तर ऐकायच्या आधी म्हणाली, "त्या मेल्याने तिच्या जिवाला घोर लावलाय."

आई स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसली होती, मांडीवर निवडायची भाजी घेऊन. हल्ली ती तिथेच बसायची. समोर घराच्या बाजूची चिंचोळी मोकळी जागा, धुण्याचा दगड, नळ, पत्र्याची खोली आणि बोळात उघडणारं लाकडी फाटक. त्या पत्र्याच्या खोलीत वडिलांचं मशीन होतं. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा शिवायचं काळं ओतीव धूड. जाड कातड्यातून सुई अशी जायची, जशी लोण्यातून सुरी. वडील गेल्यावर दुकान दोघा भावांनी मिळून चालवायचं ठरलं. कला होती बाळ्याच्या हातात आणि गल्ल्याची किल्ली होती दादाच्या. ते जितके दिवस टिकायचं तितके टिकलं. मग एका भांडणात बाळ्या बायकोला घेऊन निघून गेला, दादाने दुकान बंद केलं, इस्पितळाच्या स्टोअरमध्ये नोकरी धरली आणि आईला बजावलं, "तो माफी मागत नाही तोवर या घरात त्याचं पाऊल नको. तो आत आला तर मी बाहेर."

आई तेव्हा काही बोलली नव्हती. दादाने ते हो म्हणून धरलं.

आणि आता मशीनच गेलं होतं. दादा कामावरून घरी आला तर फाटक वरच्या बिजागरीतून निखळून अंगणात तिरकं लोंबकळत होतं आणि पत्र्याची खोली रिकामी. आई घरात एकटी, म्हणाली डोळा लागला होता. ते जुनं धूड नेऊन कोण काय करणार? ज्याला ते चालवता येतं तोच नेणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चहासुद्धा न पिता बाळ्याच्या वर्कशॉपवर गेला आणि मालकासमोर, कारागिरांसमोर त्याला चोर म्हणाला. "बोल! नाही म्हण एकदा!" असं तीनतीनदा म्हणाला. बाळ्या हातात आखणीचा खडू धरून उभा राहिला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दादाने त्याचा अर्थ काढला तो काढला. मालकानेही काढला. मिटेपर्यंत येऊ नकोस, असं त्याने बाळ्याला सांगितलं.

"घराण्याची अब्रू म्हणून पोलिसांत गेलो नाही," दादा नंतर भेटेल त्याला सांगत राहिला. सांगताना त्याला स्वतःचं जरासं कौतुकही वाटायचं.

कामाला मात्र दादा चांगला होता. जे करायचं ते पक्कं. कुजलेला खांब त्याने आधीच उपटून टाकला होता, नवा चौकोनी खांब खड्ड्यात उभा करून भोवती खडी-सिमेंट भरलं होतं, आणि ते आता दगडासारखं घट्ट झालं होतं. फळ्या जुन्या असल्या तरी सागाच्या होत्या, त्या ठेवायच्या. मागून दोन आडव्या पट्ट्या बदलायच्या, आणि एक तिरकी पट्टी मारायची, खाली बिजागरीच्या कोपऱ्यातून वर कडीच्या कोपऱ्याकडे, म्हणजे फाटक खाली बसणार नाही. बिजागऱ्या हातभर लांबीच्या, आणि त्यांना स्क्रू नाहीत, आरपार नटबोल्ट.

"डोकं बाहेर गोल ठेवायचं," दादा म्हणाला, "आणि नट आतल्या बाजूला. बाहेरून पाना लावायला जागाच नको."

"इस्पितळातल्या औषधांपेक्षा कडक बंदोबस्त," जावईबापू हसले.

"तिथे परके चोर येतात."

जावईबापू हसायचे थांबले आणि ड्रिल चालू केलं.

दुपार व्हायच्या आत फाटक नव्या खांबावर चढलं. दोघांनी मिळून उचललं, खाली लाकडाचे तुकडे सरकवून समपातळीत आणलं, बोल्ट आवळले. जावईबापूंनी एका बोटाने ढकललं तर ते आवाज न करता फिरलं. बेबी टाळी वाजवून म्हणाली, "वा! बाबांच्या वेळेला पण असं चालत नव्हतं." दादाच्या बायकोने चहा आणला. घटकाभर सगळे त्या फाटकाकडे बघत चहा पीत उभे राहिले, आणि दादाला फार दिवसांनी बरं वाटलं.

"कडी तेवढी बदलायची राहिली," तो म्हणाला. "जुनी लावून बघू आधी, सरळ बसते का."

त्याने फाटक लोटलं आणि जुनी कडी सरकवली. ती सळकन कोयंड्यात गेली.

"बसली की," जावईबापू म्हणाले.

"बसली," दादा म्हणाला, आणि ती पुन्हा मागे ओढली. पुन्हा सारली. पुन्हा ओढली. मग तो खाली वाकून कोयंड्याकडे बघू लागला. पलीकडच्या भिंतीतल्या लाकडात बसवलेला तो लोखंडी कोयंडा जुना होता, पण सरळ होता. त्याचे स्क्रू घट्ट होते. त्यांच्यावरच्या रंगाचा साधा टवकाही उडालेला नव्हता. कडीही सरळ. कुठे वाकलेली नाही, ओरखडा नाही.

"जावईबापू, जरा बाहेर जाता का?"

"बाहेर?"

"बोळात. मी आतून कडी लावतो. तुम्ही उघडून दाखवा."

जावईबापू गेले. त्यांनी फाटक हलवलं, खांदा लावला. जुन्या तारेचा तुकडा कुठूनसा मिळवून फळ्यांच्या मधून घालून बघितला, पण फळ्या एकमेकींत बसवलेल्या होत्या. वरून हात घालून बघितला, तो कडीपर्यंत पोचेना. "नाही बुवा," ते पलीकडून म्हणाले. "हे तोडल्याशिवाय नाही उघडायचं. आणि तोडलं तर आधी कोयंडा जाईल."

दादाने कडी काढून त्यांना आत घेतलं.

बेबीच पहिल्यांदा बोलली. "म्हणजे त्या दिवशी कडी उघडीच होती! तरीच म्हटलं, एवढं जड मशीन आवाज न होता गेलं कसं." तिने वहिनीकडे मान वळवली. "वहिनी, तू भाजीला ह्याच फाटकाने जातेस ना गं? टाकली असशील उघडी."

"मी त्या दिवशी पुढच्या दाराने गेले होते," वहिनी म्हणाली.

"आठवतंय का नक्की? कारण माणूस घाईत..."

"नक्की आठवतंय. कुलपाची किल्ली शेजारी देऊन गेले होते, आईंना उठायला नको म्हणून."

"मग कडी काय आपोआप निघाली?"

"ते मला काय विचारता, ताई? माझ्या माहेरचं मशीन नव्हतं ते." वहिनीचा आवाज चढला. तिने दादाकडे पाहिलं. "तुम्हालाही असंच वाटतंय का? बोला की."

दादा तिच्या बाजूने बोलला नाही. त्याला बेबीचं म्हणणं पटलेलंही नव्हतं, पण तो दुसऱ्याच विचारात अडकला होता. कडी उघडीच होती तर बिजागरी कशाला उखडली? उघड्या फाटकातून चोर सरळ निघून गेला असता. बिजागरी उखडते ती फाटक जमिनीला टेकून अडलं आणि त्यातून काही जड ओढून काढलं तर. आतून बाहेर, मोठा आवाज करत. आणि आत त्या दुपारी...

त्याने पायरीकडे पाहिलं. आईच्या हातातली भाजीची जुडी तशीच होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"कडी मी काढली," आई म्हणाली.

तिने जुडी मांडीवर ठेवली.

"मीच काढली. मीच त्याला हातगाडी घेऊन बोलावलं. मशीन मी दिलं त्याला. गंजून चाललं होतं. हातगाडीवाल्याने ते आतून गाडीवर चढवलं. गाडी फाटकात अडकली, बाळ्याने बोळातून जोर लावला आणि खांबातून बिजागरीच बाहेर आली. तो म्हणाला, थांबतो, नीट करून जातो. मीच हाकलला त्याला, तू यायच्या आत."

"आई!" बेबी म्हणाली.

"तो आधीपासून येतो, दुपारचा. आत नाही येत. तुझी अट मोडू नये म्हणून तो बोळात उभा असतो आणि मी आत. फाटक अर्धं उघडून बोलतो आम्ही." आईने हे दादाला सांगितलं, पण बघत होती ती भाजीकडे.

दादा पायरीपाशी आला. "मग त्या संध्याकाळी बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तू खोली बघितलीस आणि पहिला शब्द त्याचं नाव काढलंस. असा ओरडलास की माझी जीभच वळेना. म्हटलं, सकाळी शांत झाला की सांगू. सकाळी उठते तर तू गेलेला."

"आणि त्यानंतर? एवढे दिवस?"

"त्यानंतर लाज वाटायला लागली. दिवस जातील तशी जास्त."

वहिनी पदराने हात पुसत पुढे आली. तिचा आवाज शांत होता, म्हणूनच तो जास्त लागला. "आई, आत्ता ताई मला बोलत होत्या तेव्हाही तुम्ही गप्प होता."

"हो," आई म्हणाली. "होते."

मग जावईबापूंनी, जे या घरच्या भांडणात कधी पडत नसत, हलक्या आवाजात विचारलं, "आणि बाळ्या? तो का नाही बोलला? त्याच्यावर तर सगळंच आलं."

"मी म्हटलं त्याला, मी सांगते. तो नको म्हणाला. म्हणाला, मी काय, कुठेही बसून शिवीन. तुला त्याच्या घरात राहायचंय."

त्याच्या घरात. दादाने हे ऐकलं आणि त्याला वाटलं, आपल्या कानशिलात कुणी तरी सावकाश, नेम धरून मारली. घर वडिलांनी बांधलं होतं. हा नळ, हा दगड, ही पायरी आईच्या लग्नाच्या वेळची. ज्या बाईने हे घर उभं केलं ती पोटच्या पोराला भेटायला फाटक अर्धं उघडून उभी राहत होती, आणि आत येताना कडी लावून अंथरुणावर पडून झोपल्याचं सोंग करत होती. कुणाच्या भीतीने? तो स्वतःला आजवर कडक समजत आला होता. शिस्तीचा समजत आला होता. आपल्याला घरात भितात, हे त्याला आज कळलं. आणि कळलं ते जावयासमोर.

"मी सासरी सगळ्यांना सांगून बसले," बेबी रडवेली होऊन म्हणाली. "सासूबाईंना, नणंदेला..."

"मी थांब म्हटलं होतं," जावईबापू म्हणाले.

"तुम्ही नेहमीच थांब म्हणता!" तिने डोळे पुसले आणि दादाचा हात धरला. "दादा, ऐक. आता घरातल्या घरात मिटवू. रविवारी बाळ्याला जेवायला बोलाव. मशीन राहू दे त्याच्याकडे. झालं गेलं विसरून जाऊ. बाहेर कुणाला काही सांगायची गरज नाही."

"ओरडायचं रस्त्यावर आणि मिटवायचं घरात?" वहिनी म्हणाली.

"वहिनी, तू तेल ओतू नकोस."

"ती बरोबर बोलतेय," जावईबापू म्हणाले. बेबीने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्याने आयुष्यात पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

दादाने बहिणीचा हात सोडवला. शर्टावर लाकडाचा भुसा होता, तो झटकायचंही त्याला सुचलं नाही. आईजवळून जाताना तो थांबला. तिला काही तरी म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण जे शब्द ओठावर येत होते त्यांत तिला क्षमा केल्यासारखा सूर होता, आणि क्षमा करायचा हक्क आपल्याला कुठून आला, या विचाराने ते शब्द तिथेच विरले. तो पुढच्या दाराने बाहेर पडला.

वर्कशॉप दोन रस्ते ओलांडून होतं. त्या सकाळी तो तिथे कसा पोचला हे त्याला आठवत नव्हतं, रागाने पाय आपसूक गेले होते. आज तेच पाय धजावेनात. कोपऱ्यावर तो उभा राहिला. समोर मोठ्या दारातून रेक्झीनचा वास येत होता, मशीनची खडखड ऐकू येत होती. मालक आत नसला तर बरं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीही त्याला लाज वाटली.

मालक आतच होता. फोमचा तक्ता कापत होता. त्याने दादाला ओळखलं आणि सुरी खाली ठेवली.

"या. आता काय गेलं?"

"काही नाही," दादा म्हणाला. "त्या दिवशीचं सांगायला आलो. जरा बाजूला येता का?"

"बाजूला कशाला? त्या दिवशी तर पलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं होतं." मालकाने मागे वळून हात केला. "ए, मशीन बंद करा रे. साहेबांना बोलायचंय."

एकेक मशीन थांबलं. कारागिरांनी माना वर केल्या. त्यांतले दोघे त्या दिवशीचे होते, तिसरा नवीन दिसत होता. दादाने मनाशी जुळवून आणलेलं वाक्य पार निसटलं.

"गैरसमज झाला होता," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"माझा."

"कशाबद्दल?"

मालक दुष्ट नव्हता. पण त्यालाही एका चांगल्या कारागिराला घरी पाठवावं लागलं होतं, आणि त्याचं काही तरी त्याला वसूल करायचं असावं. दादाने मान वर केली. "माझ्या भावाने चोरी केली नाही. मशीन आमच्या आईने त्याला दिलं होतं. मी विचारपूस न करता इथे येऊन त्याला चोर म्हणालो. तो चोर नाही." मग त्याने पुन्हा म्हटलं, "चोर नाही तो."

एका म्हाताऱ्या कारागिराने चष्मा काढून पुसला.

"त्याला परत घ्याल ना?" दादाने विचारलं.

मालकाने नव्या माणसाकडे नुसती नजर टाकली. तो माणूस आपल्या हातांकडे बघू लागला. "जागा भरली," मालक म्हणाला. "मला काम थांबवून चालत नाही. बघू, पुढे कधी लागला तर. तुम्ही आलात हे चांगलं केलंत. पण त्या दिवशी तुम्ही जेवढ्या आवाजात बोललात ना, साहेब, आज त्याच्या निम्म्यानेही बोलला नाहीत."

मशीन पुन्हा चालू झाली. दादा बाहेर पडला.

बाळ्याची खोली सायकलच्या दुकानावर होती. दादाला पत्ता माहीत होता, पण जिना त्याने आजवर पाहिला नव्हता. वर पोचेपर्यंत त्याला मशीनचा आवाज ओळखू आला. लहानपणी याच आवाजात दोघं भाऊ झोपायचे. दार बाळ्याच्या बायकोने उघडलं. तिने त्याला पाहिलं आणि दारातून बाजूला झाली नाही.

"आता आणि काय राहिलंय, दादा?"

"कोण आहे?" आतून बाळ्याने विचारलं. मग त्याने पाहिलं. "येऊ दे त्याला."

खोलीभर कापडाचे तुकडे पडले होते. खिडकीशी मशीन, तेल घालून पुसलेलं, चकचकीत. बाळ्या उठला नाही. पाय थांबवला, पण सुईखालचं कापड तसंच हातात धरून बसला.

"आईला काही बोललास?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"नाही."

"खरं सांग."

"नाही बोललो. तिनेच सांगितलं सगळं. सगळ्यांसमोर."

बाळ्याने श्वास सोडला. "तिने नव्हतं सांगायचं."

"बाळ्या, मी वर्कशॉपला जाऊन आलो. सांगितलं त्यांना. जागा भरलीय म्हणाले."

"माहीत आहे. त्या नव्या माणसाला मीच पाठवलं होतं. लेकुरवाळा आहे."

दादा उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि त्याला बसायचं धाडसही नव्हतं. "मी चुकलो," तो म्हणाला. "फार चुकलो. तू म्हणशील ते मी करीन."

बाळ्या बराच वेळ बोटाने शिवण चाचपत राहिला. "एक विचारू? मी चोरलं असेन असं तुला वाटलं, ते समजू शकतो. आपलं पटत नव्हतं. पण त्या संध्याकाळपासून आजपर्यंत, एकदा तरी, अगदी घडीभर तरी, तुझ्या मनात आलं का की हा नसेल?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाळ्याची बायको दारातून बघत होती. दादाने मनात मागे जाऊन शोधलं, खरोखर शोधलं. जेवताना, स्टोअरमध्ये गोळ्यांची खोकी लावताना, खांबाभोवती सिमेंट भरताना. काही सापडलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "नाही आलं."

बाळ्याने मान डोलावली, जणू त्याला हेच हवं होतं, किंवा याचीच भीती होती. "बरं झालं, खरं बोललास," तो म्हणाला. "आता जा तू. मला हे संध्याकाळपर्यंत द्यायचंय."

"रविवारी येशील? बेबी म्हणत होती. जेवायला. पुढच्या दाराने ये."

"बघतो."

"येच."

"म्हटलं ना, बघतो." आणि बाळ्याने मशीन पुन्हा चालू केलं.

दादा जिना उतरला. खाली सायकलवाला एका चाकात हवा भरत होता, त्याने सहज विचारलं, "बाळ्याचे कोण आपण?" दादा म्हणाला, "भाऊ," आणि तो माणूस त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. जावईबापूंनी हातचं काम सोडलं नव्हतं. कुणाला तोंड द्यायचं नाही म्हटल्यावर माणूस कामात डोकं घालतो, तसं त्यांनी केलं होतं. जुन्या कडीच्या जागी नवी जाड कडी आली होती, आणि तिच्या वर भिंतीत आणि खांबात दोन लोखंडी आकडे ठोकून त्यांत आडवा अडसर बसवला होता, मनगटाएवढा जाड, लोखंडी पट्टीने मढवलेला.

"आता हत्ती आला तरी हलायचं नाही," ते म्हणाले, आणि मग दादाचा चेहरा बघून म्हणाले, "भेटला?"

"भेटला."

वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती. दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दुपारी मी तुझ्या बाजूने बोललो नाही."

"नाही बोललात," ती म्हणाली. मग म्हणाली, "हात धुऊन घ्या." तिच्याकडून त्या दिवशी एवढंच मिळालं, आणि दादाने ते घेतलं.

बेबी आणि जावईबापू निघाले. त्यांना पोचवून दादा मागे आला तर आई पायरीवर नव्हती. ती फाटकाशी होती. दोन्ही हातांनी अडसर धरून वर उचलायला बघत होती. तो आकड्यातून तसूभर वर यायचा आणि पुन्हा खाली बसायचा. तिच्या दंडाची शीर ताणली होती. तिला दादा आलेला कळला नाही. तिने पुन्हा जोर लावला, अडसर पुन्हा बसला, आणि ती कपाळ त्याला टेकून नुसती उभी राहिली.

दादाला पुढे जाववेना. एवढा वेळ शरमेत बुडून तो फिरत होता, आता याच्या खाली आणखी काही असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ते असं होतं, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या अंगणात.

"आई," तो म्हणाला.

ती दचकून बाजूला झाली. "बघत होते फक्त. चांगलं केलंय. पक्कं झालंय."

त्याने अडसर उचलून भिंतीला उभा केला. मग जावईबापूंनी ठोकलेला आकडा पक्कडीने धरून हलवायला लागला. तो सहज निघेना, एवढा घट्ट बसला होता. लाकडात कुरकुर झाली, हाताला फोड आला, शेवटी निघाला. मग नव्या कडीचे स्क्रू.

"अरे, ते कशाला काढतोस? घर सुरक्षित राहायला हवं."

"राहील. खांब पक्का आहे, बिजागऱ्या पक्क्या आहेत. बाहेरून कुणाला उघडणार नाही. आतून तुला उघडता आलं पाहिजे." त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि फाटकापाशी खाली बसला. जुनी कडी त्याच्या मांडीवर होती, तिला तेल लावायला हवं होतं. "किती उंचीवर लावू?"

आईने भिंतीला टेकवलेल्या अडसराकडे पाहिलं. म्हणाली, "तो येईलच असं नाही."

"माहीत आहे."

"आणि तू रागावशील पुन्हा."

नाही रागावणार, असं म्हणायला त्याला लाज वाटली. त्याच्या असल्या शब्दाला आज कुणी विचारलं नसतं. तो पेन्सिल धरून तसाच बसून राहिला.

आई पुढे आली. फाटकाजवळ सरळ उभी राहिली, हात सहज जिथे पोचला तिथे तिने फळीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "इथे."

त्याने तिच्या बोटांच्या कडेने रेघ ओढली.